हिंमत आणि औषध

बी. ए. भाग दोन

व्यसन, चिंता किंवा खिन्नता यांनी खचलेला माणूस आपल्या वऱ्हाडात आधी महाराजांची पायरी चढतो. कोणी दर्ग्यावर जातो, कोणी विहारात भंतेजींपुढे बसतो, कोणी चर्चमधल्या प्रार्थनेला जातो. डॉक्टरची आठवण होते ती बहुधा सगळ्यात शेवटी. शहरातली शिकलेली मंडळी याला अडाणीपणा म्हणतात आणि गावातली मंडळी एवढ्यावरच सारे भागले असे समजतात. मला दोन्ही विचार अपुरे वाटतात.

ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला लाभले आहे, त्या गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि लहानगा डेबू आईबरोबर अकोला जिल्ह्यातील दापुऱ्याला आजोळी वाढला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत द्यायची, तर त्यांनी गोडाचे जेवण वाढले. दारूने बाप नेलेला हा माणूस आयुष्यभर कीर्तनातून दारूविरुद्ध बोलत राहिला. समोरच्यालाच प्रश्न विचारायचा आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे, ही त्यांची रीत. आज समुपदेशन म्हणून जे शिकवले जाते, त्यातला मोठा भाग याहून वेगळा नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आजही कितीतरी खेड्यांत सायंकाळी होते. दारू सोडू पाहणाऱ्याला सर्वांत अवघड वेळ असते ती दिवेलागणीची. नेमक्या त्याच वेळी त्याला बसायला जागा, म्हणायला भजन आणि शेजारी माणूस मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. योगायोग असा की, त्याच १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार देत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ सुरू केली. तिथेही माणसे एकत्र बसतात, आपली हकीकत सांगतात आणि ज्याला जसा देव कळला त्याच्यावर भार टाकतात. त्या दोघांपैकी एक स्वतः शल्यविशारद होता, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या नात्यातील एका गृहस्थांनी गेल्या वर्षी माळ घातली आणि वीस वर्षांची दारू एका दिवसात सोडली. सारे घर आनंदले. तिसऱ्या रात्री त्यांचे हातपाय थरथरू लागले, अंगावर साप चढताहेत म्हणून ते ओरडू लागले. “त्याले बाहेरचं लागलं,” असे म्हणून त्यांना अंगाऱ्यासाठी नेले. त्यात दीड दिवस गेला. झटका आला तेव्हा कुठे दवाखाना गाठला. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत कंप, भास आणि झटके येऊ शकतात, त्यात जीवही जाऊ शकतो, हे तेथील डॉक्टरांनी सांगितले. ते वाचले. आज त्यांची दारू सुटलेली आहे आणि ते रोज भजनाला बसतात. जीव औषधाने वाचला आणि पुढचा प्रत्येक दिवस भजनाने सावरला. यातले एक वजा केले असते, तर दुसरे पुरले असते का?

खिन्नतेचेही असेच. पीक बुडाले, कर्ज थकले, माणूस जेवेना, झोपेना, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलू लागला, की आपण म्हणतो, “मन घट्ट कर, देवाचं नाव घे.” तो नावही घेतो, पण नाव घेऊनही बरे वाटले नाही, की ‘माझी भक्तीच खोटी’ अशी नवी टोचणी त्याला लागते. आजाराला भक्तीची परीक्षा समजणे हा त्या माणसावर अन्याय आहे. याचे टोक देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. तमिळनाडूतील एरवाडी येथे बरे होण्याच्या आशेने आणून साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळी बांधण्यास मनाई केली आहे.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार हे एक कलम आहे आणि दुःखी-निराशाला हिंमत हे दुसरे. बाबांनी ही दोन कलमे एकात मिसळली नाहीत. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. धर्मशाळेने दवाखान्याची जागा घेतली नाही. ती दवाखान्याच्या शेजारी उभी राहिली. श्रद्धेने समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकाने हीच जागा ओळखावी.

“खेड्यात मानसोपचाराचा डॉक्टर आहे कुठे?” असे कोणी विचारील. प्रश्न खरा आहे. पण अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलले आणि गरज पडेल त्याला पुढे डॉक्टरकडे पाठवले. खिन्नतेने आजारी असलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम चार जण मदत घेत. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेले. हे कार्यकर्ते जे करू शकले, ते कीर्तनकारबुवा, मौलवी, भंतेजी आणि पाद्री यांना का जमू नये? गावाचा विश्वास तर त्यांच्यापाशी आधीपासूनच आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सायंकाळच्या प्रार्थनेनंतर अर्धा तास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना बोलवावे आणि गावातील भजनी मंडळाला पुढच्या रांगेत बसवावे. कंप, भास, झटके आणि मरणाची भाषा ही चार लक्षणे दिसली की दवाखाना, एवढे जरी त्यांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मंदिराच्या आणि विहाराच्या भिंतीवर आपणच रंगवू. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले, तर येत्या शिबिरातच हे होऊ शकेल.