नकाशावर सही करणारा आगीच्या वेळी कुठे असतो?

पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या शिवारात एकेकाळी भातखाचरे होती. आज शेजारी सिडकोचे उलवे उभे आहे. २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि टॉवरांची रांग वाढतेच आहे. हे टॉवर बांधणारा मजूर नाक्यावरून येतो. कुणी मराठवाड्यातला भूमिहीन, कुणी बिहारचा. अग्निसुरक्षेची हमी घर घेणाऱ्याला मिळते. घर बांधणाऱ्याचे काय?

२१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि पाच कामगार मेले. वेल्डिंगची ठिणगी आणि चटकन पेटणारे इन्सुलेशन, असे प्राथमिक कारण तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. कोरोनाची लस सुरक्षित आहे म्हणून देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. पाच मजुरांची बातमी मागून आली!

अशा आगीनंतर वेल्डर दोषी ठरतो, फार तर ठेकेदार. पण पेटणारे साहित्य कुणी निवडले? ते मजल्यावर येऊन पडल्यावरच वेल्डिंग होईल, असा कामाचा क्रम कुणी लावला? अर्धवट इमारत पूर्ण इमारतीपेक्षा धोकादायक असते. लिफ्टचे उघडे भोक धुराड्यासारखे काम करते, जिन्यात सिमेंटच्या गोण्या असतात, पाण्याची उभी वाहिनी बसलेली असली तरी तिच्यात पाणी नसते. मजल्यासोबत जिना मोकळा करत जाणे, वाहिनीत पाणी चढवत नेणे, न पेटणारे इन्सुलेशन घेणे, मजुरांच्या झोपड्या गॅस सिलिंडरच्या साठ्यापासून लांब ठेवणे, हे सारे कागदावर, आराखडा होतानाच ठरते. नंतर वाळूच्या चार लाल बादल्या टांगून काय होणार?

महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा विकासक, मालक आणि भोगवटादार यांना जबाबदार धरतो. म्हणून आराखडाकार मोकळा, असे कुणी समजू नये. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता आणि आराखडाकार यांच्यावर स्पष्ट कर्तव्य टाकले : कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार नियोजनाच्या टप्प्यावरच करा, धोकादायक साहित्य आणि पद्धती आराखड्यात घेऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे कर्तव्य आहे. नव्या कामगार संहितांबद्दल आमचे आक्षेप अनेक आहेत. पण हे कलम कामगाराच्या कामाचे आहे, ते वापरले पाहिजे.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे जळून गेली. गरीब, स्थलांतरितांची ती वस्ती. २०२४ च्या चौकशी अहवालाने इतरांबरोबर नूतनीकरणाच्या वास्तुविशारद संस्थेवरही नाव घेऊन ठपका ठेवला. आपल्याकडे तिथपर्यंत चौकशी पोहोचतच नाही, कारण सही करणारा शिकलेला, वरच्या थरातला, आणि मरणारा नाक्यावरचा.

सिडकोने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देतानाच, बांधकाम चालू असतानाच्या काळाचा अग्निसुरक्षा आराखडा वास्तुविशारदाच्या सहीसह घ्यावा आणि तो मराठीत व हिंदीत फाटकावर लावायला लावावा. कामगार संघटनांनी मजुरीची मागणी घेऊन सिडको भवनात जाताना ही मागणीही त्याच निवेदनात लिहावी.