ऋतुपालट आणि मुलांच्या कपड्यांची पेटी



कोकणात आपल्या वाडवडिलांना ऋतुपालटाची तयारी करावी लागे ती मुख्यतः पावसाळ्यापूर्वी. मे महिन्याच्या उन्हात ट्रंका रिकाम्या होत, कपड्यांना ऊन दाखविले जाई आणि घड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवून त्या पुन्हा बंद होत. मुलांना मात्र बाराही महिने तोच सदरा नि तीच चड्डी पुरत असे. शिकागोच्या पश्चिमेस सुमारे ३० मैलांवर असलेल्या नेपरव्हिल येथे तसे चालत नाही. येथे जुलैत पारा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तर जानेवारीच्या रात्री तो शून्याखाली सात-आठ अंश सहज उतरतो. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर तो शून्याखाली ३० अंशांपर्यंत गेला होता. येथे प्रत्येक मुलाचे कपड्यांचे दोन संसार सांभाळावे लागतात, आणि कपाट मात्र एकच असते.

या कामासाठी आम्ही वर्षातून दोन वेळा सुचवितो. पहिली नव्याच्या सणापूर्वी. कारण ऑक्टोबरच्या मध्यास येथे दहिवर गोठू लागते. दुसरी पेसाहपूर्वी, त्या वेळी भाकरीचे कण शोधण्यासाठी खिसे उलटे करावेच लागतात. मात्र येथील थंडी एप्रिलअखेरपर्यंत रेंगाळते. म्हणून प्रत्येक मुलाचा एक उबदार जोड बाहेर राहू द्यावा.

चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल दरवर्षी साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वसंतात नीट बसलेला कोट शरदात आखूड होतो, तो यामुळेच. तेव्हा पेटीवर मुलाचे नाव लिहिण्यापेक्षा कपड्याचे माप लिहावे. धाकट्याच्या वेळी शोधाशोध होत नाही. येथील मापांत आकड्यापुढे ‘टी’ असेल, तर तो कपडा लंगोट बांधणाऱ्या लहानग्यासाठी बेतलेला असतो, हेही ध्यानात असावे.

पेटीत जाणारा कपडा धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावा. लोकर खातो तो उडणारा पतंग नव्हे, त्याची अळी. आणि घामाचे, अन्नाचे डाग तिला विशेष प्रिय असतात. डांबराच्या गोळ्या मात्र तान्ह्या बाळाच्या कपड्यांत कदापि ठेवू नयेत. ‘जी-सिक्स-पी-डी’ या द्रव्याची उपजत उणीव असलेल्या अर्भकांचे रक्त, अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे व पांघरुणे वापरल्याने धोकादायक रीतीने क्षीण झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नमूद आहेत. घट्ट झाकणाची पेटी पुरेशी आहे.

नात्यातून आलेले जुने कोट नीट तपासावेत. टोपीला अथवा गळ्याला नाडी असल्यास ती ओढून काढावी. अशा नाड्या घसरगुंडीत वा बसच्या दारात अडकून मुलांचे प्राण गेले आहेत. म्हणून येथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने १९९६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०११ साली नियमच केला. मोटारीतील आसनाचे पट्टे जाड कोटावरून बांधू नयेत, असे येथील बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. अपघाताच्या धक्क्याने कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा आवळावा, मग कोट वरून पांघरावा.

उरलेल्या कपड्यांचे काय करावे? मुंबईत दारावर बोहारीण येई. जुने कपडे घेऊन भांडे देई. घासाघीस होई, पण चिंधीही वाया जात नसे. या देशात २०१८ साली सुमारे १ कोटी १३ लाख टन कापड कचऱ्याच्या भरावात गेले, असा सरकारी हिशेब आहे. आपण त्यात भर घालू नये. जे आपल्या मुलास निःसंकोच घालू, तेच दुसऱ्यास द्यावे. तुटकी गुंडी आधी लावावी. घेणाऱ्याचा मान त्या गुंडीत असतो. जीर्ण झालेल्यांची गोधडी करावी. आणि एखादे झबले मन सोडवत नसेल, तर तेवढे ठेवावे. परंतु प्रत्येक कपड्याला आठवण मानले, तर आठवणींची अडगळ होते.

या कामात मुलांना सोबत घ्यावे, असे एक शिक्षक म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कोणता कपडा टोचतो, कोणता आवडतो, हे त्यांनाच ठाऊक असते. आखूड, विटका, उसवलेला, कानटोपी, बंडी, पायमोजे, अस्तर, घडी हे शब्द आपल्या घरांतून हळूहळू नाहीसे होत आहेत. पुस्तकातून ते फारसे टिकणार नाहीत. हातात कपडा असताना कानी पडलेला शब्द मात्र टिकतो. दोन-तीन तासांच्या या कामात कपाट आवरले जाईल आणि मुलांच्या पदरी दहा-वीस मराठी शब्दही पडतील.