रेघ ओढण्याआधी विचारा

रायपूरच्या मधोमध एक रेल्वे होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंगाल नागपूर रेल्वेने टाकलेली, रायपूरहून अभनपूरमार्गे धमतरीला आणि राजिमला जाणारी अरुंद रुळांची ही गाडी. सगळे तिला ‘छोटी लाइन’ म्हणत. तेलीबांधा, माना, केंद्री अशी स्थानके घेत ती संथपणे यायची. खिडक्यांच्या गजांना दुधाचे कॅन अडकवलेले असत, दारापाशी भाजीच्या टोपल्या आणि त्यांच्यावर हात ठेवून बसलेल्या मरारिनी, म्हणजे भाजीवाल्या. सकाळी गाडीतून उतरायचे, टोपली डोक्यावर घ्यायची, बाजारात जाऊन पसरा मांडायचा आणि संध्याकाळी त्याच गाडीने गावी परतायचे, हा त्यांचा दिनक्रम होता.

२०१७ साली शहरातली ही लाइन बंद झाली. रूळ उखडले गेले आणि त्या जागेवर चौपदरी एक्स्प्रेसवे आला. ऑगस्ट २०१९मध्ये तेलीबांध्याच्या उड्डाणपुलाचा भाग खचला, रस्ता बंद करावा लागला, चौकशी झाली. पूल दुरुस्त करता येतो, म्हणून त्या पुलाबद्दल मला फारसे बोलायचे नाही. शहराच्या पोटातून जाणारी, रेल्वेच्याच मालकीची, सलग मोकळी पट्टी पुन्हा कधी मिळणार नाही. ती मोटारींना देण्याआधी त्या टोपलीवालीला कोणी विचारले होते का, हा माझा प्रश्न आहे.

माझे म्हणणे असे : शहराची जमीन कशी वापरायची हे ठरवताना, नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी, तिथे राहणाऱ्या आणि तिथून चालत जाणाऱ्या माणसांना विचारले पाहिजे. तसे खरोखर विचारले तर शहर पायी चालणाऱ्याच्या आणि बस-रेल्वेच्या आधाराने वाढेल. यावर चार आक्षेप नेहमी घेतले जातात. ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप : नियोजन हे तज्ज्ञांचे काम, सामान्य माणसाला त्यातले काय कळते? पुलाचा खांब किती जाड असावा हे मला कळत नाही, हे खरे. पण पूल कुठे हवा आणि हवा की नको, हे तिथे रोज वावरणाऱ्यालाच अधिक कळते. शास्त्री चौकातला स्कायवॉक आठवा. जवळच डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय, लोकांच्या तोंडचे ‘मेकाहारा’. खेड्यातून रुग्णाला धरून आणणारा माणूस तिथे रस्ता ओलांडतो. त्याला विचारले असते तर त्याने जमिनीवरून ओलांडायची सुरक्षित जागा, सिग्नलला पुरेसा वेळ आणि क्षणभर टेकायला सावली मागितली असती. आपण त्याला जमिनीवरून उचलून हवेत चालवायचे ठरवले, म्हणजे खालचा रस्ता गाड्यांना मोकळा. राज्यातल्या २०१८च्या सत्तांतरानंतर काम थांबले आणि लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षे शहराच्या डोक्यावर उभा राहिला. ज्याच्या पायांसाठी ही योजना होती, तो या सगळ्या काळात खालूनच, गाड्या चुकवत, रस्ता ओलांडत होता.

दुसरा आक्षेप : लोकांना विचारत बसलो तर कामे रखडतात. कामे रखडतात हे खरे, पण ती न विचारल्यामुळे. मुंबईचा विकास आराखडा २०१५ साली प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या, चुकांची जंत्री निघाली आणि सरकारला तो बाजूला ठेवून नव्याने मांडणी करावी लागली. सुधारित आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. आपल्याकडे शारदा चौक ते तात्यापारा हा जीई रोडचा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा तुकडा पाहा. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा ऐकत एक पिढी मोठी झाली. दुकानदाराला मोबदला किती, तो जाणार कुठे, उरलेल्या जागेत पायी माणसाचा वाटा किती, हे आधी बसून ठरवले असते तर एवढी वर्षे घोषणांवर गेली नसती.

कायद्यात विचारण्याची सोय आहे. १९७३च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. पण तोवर नकाशा रंगवून झालेला असतो. एका हरकतीच्या निमित्ताने मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. भिंतीवर अख्ख्या शहराचा नकाशा होता आणि त्यात आमची गल्ली नखाएवढीसुद्धा नव्हती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी दोनदा चष्मा पुसला, आपले घर शोधले आणि काहीच न लिहिता ते परत गेले. कागदोपत्री त्यांची हरकत नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : लोकांनाच रुंद रस्ते आणि पार्किंग हवे आहे, मग लोकांचे ऐका म्हणणाऱ्यांनी तेच मान्य करावे. पण हे ‘लोक’ कोण? कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभागृहातल्या बैठकीला जो येऊ शकतो, त्याच्याकडे बहुधा वेळही असतो आणि गाडीही. गोलबाजारचा हमाल त्या वेळी ओझे वाहत असतो, मरारीन पसरा सोडून येऊ शकत नाही आणि शाळकरी मुलांना तर कोणी बोलावतच नाही. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत तीन-चार पसरे मांडता येतात, चार घरे चालतात. हा हिशोब समोर ठेवून विचारा, मग लोकांना काय हवे ते सांगा. शिवाय मोटार हवीशी वाटते त्याचे मोठे कारण म्हणजे भरवशाची बस नाही आणि धड फुटपाथ नाही. दुसरा पर्याय काढून घ्यायचा आणि उरलेल्याला लोकांची आवड म्हणायचे, हे न्यायाचे नाही.

चौथा आक्षेप : जुने शहर दाट, उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, इथे कोण चालणार? त्यापेक्षा मोकळे नवे शहर बरे. ते तर आपण करून पाहिले. २०१२ साली मंत्रालय नवा रायपूरला गेले, २०१६ साली बीआरटीएसच्या बसगाड्या सुरू झाल्या. पण घरे, शाळा, बाजार त्या मार्गाभोवती आधी वसले नाहीत. रस्ते रुंद आणि माणसे तुरळक राहिली, कर्मचारी रोज जुन्या शहरातून ये-जा करत राहिले. ज्यांच्या जमिनीवर हे उभे राहिले त्या २७ गावांचे शेतकरी जानेवारी २०२२मध्ये मोबदला आणि पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी धरणे धरून बसले. उन्हाचे म्हणाल, तर ज्याला चालणे भाग आहे तो मे महिन्यातही चालतोच. प्रश्न त्याला सावली द्यायची की नाही एवढाच आहे, आणि रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड त्याच्या सावलीवर पडते.

पायी चालण्याजोगे शहर ही परदेशातून आणायची वस्तू नाही. मी तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत वाढलो. ब्राह्मणपारा, बैजनाथपारा, पुरानी बस्ती, सगळीकडे पाऱ्यांची, म्हणजे मोहल्ल्यांची, मांडणी एकसारखी : देऊळ, शाळा, किराणा, वैद्य, तलाव, सारे चालत जाण्याच्या टप्प्यात. माझी आजी बूढातालाबापर्यंत पायी जायची, गोलबाजारातून सामान आणायची आणि वाटेत चार ओट्यांवर बसून विसावा घ्यायची. तिच्या वाटेवरचे ओटे गेले, नाल्याच्या वर आलेले फरशांचे फुटपाथ गाड्यांनी व्यापले.

आता पुन्हा रेघा ओढायची वेळ आली आहे. २०२५ साली राज्याने रायपूर, नवा रायपूर, दुर्ग, भिलाई यांच्या राजधानी क्षेत्रासाठी विकास प्राधिकरणाचा कायदा केला. केंद्राच्या योजनेतून शहराला १०० ई-बस मंजूर आहेत. ३० मार्च २०२५पासून अभनपूरला पुन्हा रेल्वे जाते, आता मोठ्या रुळांवरून. म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. शहराचे वॉर्ड ७० आहेत, तर प्रत्येक वॉर्डाचा आपापला मोठा नकाशा हवा, हिंदी आणि छत्तीसगढीतून समजावलेला, आणि सभा संध्याकाळी, पाऱ्यातच. सूचना स्वीकारली की नाकारली, याचे कारणासह लेखी उत्तर मिळावे. गोव्यात ‘प्रादेशिक आराखडा २०२१’साठी गावोगावचे नकाशे पंचायतींकडे पाठवून सूचना घेतल्या गेल्या होत्या. पुढे त्या आराखड्यावर वाद झाले, तरी गावाचा नकाशा गावासमोर ठेवता येतो हे तिथे सिद्ध झाले. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात हे राज्यघटनेतच आहे, त्या खरोखर बसू द्या. अभनपूर मार्गावरच्या स्थानकांपासून दहा मिनिटांच्या पायी अंतरात स्वस्त घरे, शाळा आणि बाजार आधी ठरवा, भूखंड नंतर विका. आणि २०१४च्या पथविक्रेता कायद्यातील समितीत पसरेवाल्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असतात, रस्त्याची आखणी त्यांच्यासमोर होऊ द्या.

आजची अभनपूरची गाडी मंदिर हसौद आणि नवा रायपूरला वळसा घालून जाते, कारण शहरातून जाणारी जुनी वाट आपण मोडली. ही चूक दुसऱ्यांदा होऊ नये. रायपूरच्या वाचकांना विनंती आहे, या आठवड्यात आपल्या पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, एक प्रश्न लेखी विचारा : आमच्या वॉर्डाचा नकाशा आम्हाला कधी आणि कुठे दाखवणार? उत्तर येईपर्यंत विचारत राहा.