झोपेपुढे निर्धार चालत नाही

८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. टाळेबंदीत जालन्याहून भुसावळकडे ते पायी निघाले होते. ‘रुळांवर कोणी झोपतं का?’ असं तेव्हा अनेकांनी विचारलं. प्रश्नच चुकीचा होता. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं, झोपेचा दाब वाढतो. पहाटे तर शरीराचं घड्याळही झोपेच्याच बाजूने असतं. थकून लागलेल्या गाढ झोपेत मोठ्या आवाजानेही जाग येईलच असं नाही. तरी समृद्धी महामार्गावर रात्री गाडी काढताना आपण म्हणतोच, ‘चहा घेतला की झालं!’ चहातलं कॅफिन ॲडेनोसिनला थोडा वेळ अडवतं, संपवत नाही. डोळे जड झाले, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि २० मिनिटं झोपा. घरचे वाट पाहतील.