सैनिकाच्या नावाने पावती फाडण्यापूर्वी



डिसेंबर आला की आपल्या घरचा पैसा चहूबाजूंनी बाहेर पडतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, पाठोपाठ १ जानेवारीला भीमा कोरेगाव. गाडीभाडे, शिदोरी, पुस्तके, विहाराची वर्गणी. त्यातच ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. याच दिवसांत वस्तीत, स्टेशनबाहेर, यात्रेच्या वाटेवर पावती पुस्तके घेतलेली माणसे दिसू लागतात. कोणी माजी सैनिकांसाठी मागतो, कोणी शहीद जवानाच्या मुलीच्या लग्नासाठी. अंगात लष्करी रंगाचा शर्ट, डोक्यावर तशीच टोपी. आपण दहा-वीस देतो, एखादा शंभराची नोट काढतो आणि पुढे निघतो.

सैनिकाच्या नावाला आपला समाज चटकन विरघळतो, आणि त्याला कारणही आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करातले. लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचे बालपण एका निवृत्त सैनिकाच्या घरात, पेन्शनच्या पैशावर गेले. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्जविनंत्या केल्या. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा आपल्या नात्यागोत्यात एखादा फौजी काका, मामा, आजोबा असतोच. सैनिकासाठी हात पुढे आला की खिशात हात जातो, यात नवल नाही.

हीच माया काही लोकांनी ओळखली आहे. सैनिकासाठी पैसे मागणाऱ्याला सहसा कोणी प्रश्न विचारत नाही. विचारलाच, तर उत्तर ठरलेले असते, “ताई, सीमेवरच्या जवानासाठी वीस रुपये देताना चौकशी कसली करता?” ताई वरमते आणि पैसे देते. माझे म्हणणे असे की वरमायचे कारण नाही. चौकशी जवानाची नाही, पावती पुस्तकाची आहे. खरी संस्था चौकशीला चिडत नाही, उलट कागद पुढे करते. पाली वाङ्मयात ‘विचेय्य दान’ म्हणून शब्द आहे, म्हणजे पारखून दिलेले दान. तथागतांनी अशा दानाची प्रशंसा केली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. विसावा भाग द्यायचा म्हणजे आधी हिशेब मांडायचा. देणाऱ्याने हिशेब मांडायचा आणि घेणाऱ्याने मांडायचा नाही, हे कसे चालेल?

पारखायचे कसे? पावतीवर संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असावा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला आहे, जिल्ह्यातही कार्यालये आहेत, आणि नाव संगणकावर शोधता येते. शिकलेल्या मुलाला सांगा, दहा मिनिटांचे काम आहे. मात्र नोंदणी क्रमांक म्हणजे चांगुलपणाचा दाखला नव्हे. त्यावरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच कळते. पुढचा प्रश्न असा, की गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवता का? जमा किती झाले, सैनिकांच्या घरी किती पोचले, आणि कार्यालय, गाडी, सत्कारसमारंभ यांवर किती गेले? समारंभाचे फोटो पुष्कळ आणि ज्यांना मदत मिळाली त्यांचा पत्ता नाही, अशा संस्थेला मी तरी पैसे देणार नाही. आयकराच्या सवलतीची पावती (ही ८०-जी या नावाने ओळखली जाते) आपल्यातल्या बहुतेकांना कामाची नसते, कारण आपण आयकर भरत नाही. पण अशी पावती देणारी संस्था आयकर खात्याच्या नोंदीत असते, म्हणून ती जरूर विचारावी.

आता रोख पैशाऐवजी मोबाईलवर चौकोनी चित्र दाखवतात. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसते. तिथे संस्थेऐवजी कुणा माणसाचे नाव आले, तर तिथेच थांबावे.

व्हॉट्सॲपवरच्या आवाहनांबद्दलही सांगितले पाहिजे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर एक संदेश घरोघर फिरला. लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी मंत्रिमंडळाने खाते उघडले आहे, रोज एक रुपया भरा, असा त्याचा मजकूर. संरक्षण मंत्रालयाला तो दिशाभूल करणारा असल्याचा खुलासा करावा लागला. त्यातला खाते क्रमांकही चुकीचा होता. युद्धात जखमी झालेल्या व कामी आलेल्या सैनिकांसाठी सरकारी निधी आहे, हे खरे. पण बंदुका घेण्यासाठी सरकार तुमच्याकडे रुपया-रुपया मागत नाही.

मग द्यावे कुठे? ज्याला फार चौकशी करायला वेळ नाही, त्याने ध्वजदिन निधीला द्यावे. ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन रंगांचा छोटा ध्वज छातीला लावतात, ते तीन रंग तिन्ही सेनादलांचे. हा निधी संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात पैसे भरून पावती घेता येते.

आणि या पैशाचे होते काय, तेही पाहा. पंधरा वर्षे नोकरी पुरी न झाल्याने ज्यांना पेन्शन नाही, असे हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना, वय ६५ च्या वर असेल तर, दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ८,००० करण्याचा निर्णय झाला. दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी दरमहा १,००० चे २,००० झाले, आणि मुलीच्या लग्नासाठी ५०,००० चे एक लाख. ही वाढ १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना आहे. आठ हजारांत एका म्हातारीचे औषध, किराणा आणि वीजबिल भागते. आपली वीसची नोट तिथे गेली तर ती वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

डोळ्यांनी पाहून द्यायचे असेल तर पुण्याजवळ खडकीला जा. तिथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून चालू आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले सैनिक तिथे राहतात, शिकतात, काम करतात. तोंडात ब्रश धरून चित्रे काढणारेही आहेत. १९१७ साली स्थापन झालेले क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही खडकीलाच अपंग सैनिकांना हाताचे काम शिकवते.

आपली बरीच मुले सीआरपीएफ, बीएसएफमध्येही आहेत. ही दले गृह मंत्रालयाकडे येतात, सैनिक बोर्डाच्या योजना त्यांना लागू नाहीत. त्यांच्या शहिदांसाठी गृह मंत्रालयाने २०१७ साली ‘भारत के वीर’ हा निधी सुरू केला. त्यात थेट त्या जवानाच्या वारसाच्या खात्यात पैसे देता येतात.

एक काम मात्र पैशाशिवाय होणारे आहे. आपल्याच वस्तीत फौजीची विधवा असते, आणि आपल्याला असे काही मिळते हे तिला कोणी सांगितलेले नसते. नवऱ्याचे डिस्चार्ज बुक पेटीच्या तळाशी असते. त्यात नाव एक, आधारकार्डावर दुसरे. कधी पत्नीची नोंद लष्कराच्या दप्तरी झालेलीच नसते. अशा वेळी महिला मंडळाने दोन लिहित्या-वाचत्या मुलींना त्या आजीबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवावे. तालुक्याला कल्याण संघटक कोणत्या दिवशी येतात ते आधी विचारावे, म्हणजे जिल्ह्याची फेरी वाचते. बरोबर डिस्चार्ज बुक, आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि पतीच्या मृत्यूचा दाखला न्यावा, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. पती महार रेजिमेंटमध्ये असेल तर जुनी नोंद मध्य प्रदेशात सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. तिथे पत्र लिहिताना डिस्चार्ज बुकातला सैनिक क्रमांक ठळक अक्षरांत, सर्वांत वर लिहावा.