आधी गावाची मोजदाद, मग विम्याचा हप्ता

गोरगरिबांच्या आरोग्याचा प्रश्न विम्याने सुटेल, असा डांगोरा गेली काही वर्षे पिटला जात आहे. परंतु विमा उतरवायचा तो कोणत्या दुखण्याचा, हे गावाला विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. उपचारांची यादी राजधानीतल्या कचेरीत तयार होते आणि त्या यादीत बसेल असेच दुखणे गरिबाने घेऊन यावे, अशी अपेक्षा धरली जाते!

गडचिरोलीचे उदाहरण बोलके आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के. केवळ दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबणाऱ्याला हे दुःख दिसलेच नसते. जी स्त्री दवाखान्याची पायरी चढत नाही, ती नोंदवहीत येणार कशी?

पुढे २०१२ साली राज्य सरकारची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत आली. त्यांत गडचिरोलीही होता. यादीत ९७१ उपचार होते. परंतु भर होता तो रुग्णालयात दाखल करून करावयाच्या शस्त्रक्रियांवर व उपचारांवर. अंगावर काढलेल्या साध्या दुखण्याला, रोजच्या औषधाला, बुडालेल्या मजुरीला त्यात स्थान नव्हते. हप्ता मात्र जनतेच्या तिजोरीतून गेला.

दुसरी वाट नव्हती काय? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकात वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालविला. वर्गणी ठरे ती ऐपतीवर. ज्याची जमीन अधिक, त्याची ज्वारी अधिक. हा न्याय घरोघरची माहिती असल्यावाचून अमलात येत नाही.

विमा म्हणजे बाजाराशी तडजोड, असा आक्षेप काही साथी घेतील. सरकारी दवाखाना सुसज्ज व मोफत हवा, ही मागणी सोडण्याचे कारण नाहीच. परंतु आकड्यांविना ती मागणीही लुळी पडते. कोण आजारी पडले, कुठे गेले, किती खर्च आला, कर्ज कोणाकडून काढले, काय विकले, मजुरीचे किती दिवस बुडाले, ही नोंद ज्याच्या हाती, त्यालाच सरकारला जाब विचारता येतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी वही घेऊन घरोघर गेले पाहिजे. स्त्रियांची विचारपूस स्त्रियांनीच केली पाहिजे. गोळाबेरीज ग्रामसभेत वाचली जावी. कोणाचे नाव मात्र गावाबाहेर जाऊ नये. आजाऱ्याचे नाव विमा कंपनीच्या हाती पडले, तर उद्या त्याच नावावर काट मारली जाईल. मोजदाद गावाने करावी, हिशेब गावाकडे राहावा, हप्ता ऐपतीप्रमाणे ठरावा. एवढे होत नसेल, तर आरोग्य विमा हा गरिबाच्या नावाने रुग्णालयांच्या मालकांना दिलेला रतीब ठरेल!