मुलांसाठी शिवताना माया किती ठेवायची?



मागच्या आठवड्यात मंदिराच्या पायऱ्या उतरताना एक सासूबाई आपल्या सुनेला ऐकवत होत्या, "आमच्या वेळी पोरांचे सगळे कपडे आम्ही घरीच शिवायचो. बाहेर पैसा म्हणून जात नव्हता." सून बिचारी खाली मान घालून चपला शोधत राहिली. मी काही बोलले नाही, पण घरी आल्यावर चैन पडेना. कारण हेच वाक्य मीही माझ्या सुनेला ऐकवलेलं आहे, आणि आज ते खरं नाही.

बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकले, ती खोड अजून गेलेली नाही. परवा नातीच्या फ्रॉकचा हिशेब वहीत मांडला. दीड मीटर सुती कापड १४० रुपये मीटरने २१०, अस्तर, चेन आणि दोरा मिळून ७०, झाले २८०. वर माझी अख्खी दुपार. तसाच फ्रॉक दुकानात ३५० ला टांगलेला होता. माझ्या दुपारची मजुरी ७० रुपये! आम्ही शिवत होतो तेव्हा तयार कपडे महाग होते आणि इचलकरंजीत कटपीस स्वस्तात मिळायचे, म्हणून ते परवडायचं. आज नोकरी सांभाळणाऱ्या सुनेला काटकसरीच्या नावाखाली मशीनवर बसायला सांगणं म्हणजे तिच्या वेळेची किंमत शून्य धरणं.

मग शिवायचंच नाही का? शिवायचं. पण कारण दुसरं हवं.

दुकानातला एखादा फ्रॉक उलटा करून बघा. ओव्हरलॉकच्या आत पाव इंच कापड नसतं. मूल वाढलं की कपडा संपला. आपण बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवतो, खाली तीन इंच दुमडतो, कमरेच्या वर एक आडवी टीप घालून कापड आत घेतो. पुढच्या वर्षी टीप उसवली की फ्रॉक पुन्हा मापात. फक्त सुती कापड बेतायच्या आधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवून घ्या, नाहीतर ठेवलेली माया पहिल्याच धुण्यात आटते. (चार कषायांतली माया निराळी. ती ठेवायची नाही, पण शिवणीतली सोडायची नाही.)

माझी चूक मात्र मायेत नव्हती, मानात होती.

मुलगा सातवीत असताना त्याच्या बाबांच्या जुन्या जीनच्या पँटीचं मी दप्तर शिवलं होतं. आत तीन कप्पे, डब्याला वेगळी जागा, पट्ट्यांना दुहेरी शिलाई. महिला मंडळात ते आधी सगळ्यांना दाखवून आणलं आणि मग त्याच्या खांद्यावर दिलं. चार महिन्यांनी त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं की तो रोज त्यांच्याकडे दप्तर ठेवतो आणि वह्या-पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीतून शाळेत नेतो. वर्गातली मुलं हसत होती. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आई, तू मला विचारून कुठे शिवलंस?"

उत्तर नव्हतं. त्या रात्री आलोचना पाठ म्हणताना जीभ अडखळली. दप्तर मी त्याच्यासाठी शिवलंच नव्हतं. बायकांनी "काय हात आहे हो तुमचा" म्हणावं म्हणून शिवलं होतं, आणि ते ओझं चार महिने एका बारा वर्षांच्या मुलावर टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजारातलं साधं दप्तर आणलं. जीनचं दप्तर पुढे बरीच वर्षं भाजीला वापरलं, मजबूत होतं!

याच मुलाने पुढे पुण्याला हॉस्टेलवर जाताना स्वतः मागितलं, "आई, नळाला बांधायचं गाळणं शिवून दे, नाडीचं." ऊन आरपार दिसणार नाही असं जाड सुती कापड दुहेरी करून, कडा दुमडून, वर नाडी ओवून तीन गाळणी दिली. एक नळाला, एक वाळत, एक जवळ. तिथे त्याला पाणी गाळण्यावरूनही कोणी हसलंच असेल. पण ते त्याने मागून नेलेलं होतं, म्हणून ते लपवावं लागलं नाही. दिवाळीला घरी आला तेव्हा एकाची नाडी तुटली होती, तेवढी बदलून घेतली.

आपल्या घरांत शिवण टिकावी असं मला वाटतं त्याचं आणखी एक कारण आहे. आत काय जातं ते आपल्याला कळतं. सणाला लहान मुलींना रेशमी परकर-पोलकं घालायची हौस आपल्यातही आहे. कोशात जिवंत किडा असताना तो उकळतात, हे ठाऊक असूनही आपण "लहान आहे, एकदाच तर घालणार" म्हणतो. मला हे पटत नाही. सुती कापडाला जरीसारखा काठ लावला तरी पोर तेवढीच गोड दिसते, आणि तिला टोचतही नाही. बटणं शिंपल्याची आहेत का, शाळेचा पट्टा चामड्याचा आहे का, हे तयार वस्तू घेताना विचारायचं राहून जातं. जाड कॅनव्हासचा पट्टा तासाभरात होतो, बक्कल जुनंच चालतं. पण इथेही आधी मुलाला दाखवा. तो नको म्हणाला तर बाजारात कापडी पट्टेही मिळतात.

आता मी नातीला विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. ती आठ वर्षांची आहे. रंग तिचा, बाह्या तिच्या. यंदा पर्युषणाआधी तिची एकच मागणी होती, "आज्जी, खिसा पाहिजे. दुकानातल्या फ्रॉकला खिसाच नसतो, मंदिरात तांदूळ-बदाम मुठीत धरून हात घामेजतो." मी विचारलं, एक की दोन? दोन म्हणाली. दुसऱ्यात काय ठेवणार ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दोन्ही शिवले, चांगले खोल.